कोथरूडच्या खड्ड्यातला ‘ज्वालामुखी’: एक अफवा आणि एक लाल थर

नोव्हेंबर २०२५च्या शेवटच्या आठवड्यात कोथरूडमधल्या एका रिडेव्हलपमेंटच्या साइटवर काम बंद पडलं. जुनी इमारत पाडून झाली होती आणि दोन तळघरांच्या पार्किंगसाठी खोदाई सुरू होती. खड्डा साडेसहा मीटरवर गेला तेव्हा काळ्या दगडाखाली विटकरी रंगाचा एक आडवा पट्टा उघडा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पट्ट्याजवळून वाफ निघताना शेजारच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी पाहिली आणि व्हिडिओ काढला. खडक फोडणारा ब्रेकर चालू झाला की त्यांच्या इमारतीतली कपाटं थरथरायची, ही तक्रार आधीपासून होतीच.

एरवी हे प्रकरण आवाज आणि धुळीच्या भांडणापुरतंच राहिलं असतं. पण त्याच आठवड्यात, २३ नोव्हेंबरला, इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. त्याची राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून उत्तर भारतावर आली, विमानं रद्द झाली आणि टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. व्हिडिओला मथळा मिळाला: ‘कोथरूडमध्ये जमिनीखाली ज्वालामुखी जागा होतोय, भाजलेली माती आणि वाफ पाहा’. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या ग्रुपांवर फिरला. दोन्ही सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी बिल्डरला काम थांबवायला लावलं आणि ‘कोणीतरी भूगर्भवाला बोलवा’ असं ठरलं. पायाखालचा खडक तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून फोन मला आला.

लोकांचं म्हणणं तीन मुद्द्यांवर उभं होतं: माती भाजलेली आहे, वाफ येते, जमीन हादरते. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे ‘घाबरू नका’ एवढं सांगून भागणार नव्हतं.

खड्ड्याची भिंत वाचताना

पुण्यात खड्ड्याची ताजी भिंत पाहायला मिळणं ही चैन आहे. टेकड्यांवर सगळं झिजलेलं, गवताने झाकलेलं असतं. इथे खड्ड्याच्या सगळ्या खोलीचा कोरा छेद समोर होता.

वर मीटरभर भराव: जुन्या इमारतीचा राडारोडा, काळी माती. त्याखाली दीड मीटर मुरूम. मग चार मीटर काळा पाषाण, घट्ट, बारीक कणांचा, उभ्या सांध्यांनी चिरलेला. या पाषाणाचा तळचा वीतभर भाग मी हातभिंगाने बराच वेळ पाहिला. त्यात करंगळीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या होत्या, पांढऱ्या खनिजाने भरलेल्या आणि सगळ्या एकाच दिशेला किंचित कललेल्या. लाव्हा ओलसर जमिनीवरून सरकला की तळाला कोंडलेली वाफ आणि वायू वर चढू पाहतात. लाव्हा पुढे जात असतो, म्हणून त्यांच्या वाटा वाकतात आणि तशाच गोठतात. त्या कलावरून लाव्हा कुठून कुठे चालला होता याचा अंदाज बांधता येतो.

या नळ्यांच्या खाली तो बदनाम लाल पट्टा होता. जाडी कुठे ४५ सेंटिमीटर, कुठे ६० पर्यंत. नखाने खरवडता येईल असा, ओला केला की बोटाला चिकटणारा, मातकट. त्याखाली दुसऱ्या लाव्हाचा माथा: विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक, राखाडी-जांभळट, भोकाभोकांचा, भोकं पांढऱ्या गारगोट्यांनी भरलेली. मुकादमाने एक तुकडा फोडून दाखवला. आत स्टिल्बाइट या खनिजाच्या मोत्यासारख्या चमकणाऱ्या पाकळ्या होत्या. ‘मॅडम, वाघोलीच्या खाणीत निळा पण सापडतो,’ तो म्हणाला. खरं आहे. वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. ही खनिजं उद्रेकातली नव्हेत, लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या पोकळ्यांमधून झिरपणाऱ्या कोमट पाण्याने नंतर साठवलेली आहेत.

म्हणजे भिंतीत दोन लाव्हाप्रवाह होते, एकावर एक. वरच्याचा भोकाळ माथा झिजून मुरूम झालेला, पोट म्हणजे काळा पाषाण. खालच्याचा माथा म्हणजे मांजऱ्या. मधला लाल पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. खालचा प्रवाह थंड झाल्यावर त्याचा माथा ऊन-पावसात कुजला, लोखंड गंजून लाल झालं, कदाचित थोडी राखही त्यावर पडली. मग वरचा लाव्हा आला आणि त्याने ही माती शेकली. तेव्हा ‘माती भाजलेली आहे’ हे लोकांचं निरीक्षण चुकीचं नव्हतंच. ती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भाजली होती, एवढाच फरक.

‘मग तोंड कुठं होतं त्याचं?’

संध्याकाळी शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बैठक झाली. मी लाव्हाचे थर वगैरे सांगितल्यावर चौथ्या मजल्यावरच्या एका आजींनी विचारलं, ‘अगं, पण डोंगर नको का? ज्वालामुखीला तोंड लागतं. त्याचं तोंड कुठं होतं?’ लगेच एकाने वेताळ टेकडीचं नाव घेतलं, दुसऱ्याने पर्वतीचं. तिसऱ्याने लोणार आणलं.

प्रश्न अगदी योग्य होता. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रामुळे ज्वालामुखी म्हटलं की टोकदार डोंगर, माथ्यावर खड्डा, त्यातून धूर असंच डोळ्यांसमोर येतं. ते चित्र फुजी, व्हेसुव्हियस, पिनातुबो यांचं आहे. हे संमिश्र शंकू: राखेचा थर, लाव्हाचा थर, पुन्हा राख, अशी उंची वाढत जाते. पण तो एक प्रकार झाला. हवाईचा मौना लोआ ४,१६९ मीटर उंच असूनही त्याचे उतार इतके सौम्य आहेत की दुरून तो नुसता फुगवटा वाटतो. म्हणून त्याला ढालीचा ज्वालामुखी म्हणतात. मेक्सिकोतला पारिकुतिन २० फेब्रुवारी १९४३ रोजी एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात उगवला आणि १९५२पर्यंत राख-खंगरांचा ४०० मीटरहून उंच शंकू करून गप्प झाला. तो पुन्हा जागा होईल अशी अपेक्षा नाही, कारण असे शंकू बहुधा एकदाच पेटतात. आणि ज्यांना डोंगरच नसतो असे भेगी ज्वालामुखी. आपलं महाराष्ट्राचं पठार त्यांनी घडवलं.

आकार का बदलतो, याचं उत्तर शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात आहे. त्यात सिलिका (वाळूचा मुख्य घटक) किती, तो किती तापलेला आणि त्यात वायू किती विरघळलेला, या तीन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं. बैठकीतल्या काकूंना मी पाकाचं उदाहरण दिलं. एकतारी पाकातून बुडबुडा सहज वर येऊन फुटतो. गोळीबंद पाकात तो अडकतो आणि फुटला तर चटका देतो. बसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, शिलारसात सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. तो पातळ असतो, वायू निसटून जातात, लाव्हा वाहतो. रायोलाइटचा शिलारस ७० टक्क्यांहून जास्त सिलिकेचा, तापमानाने कमी आणि भयंकर घट्ट. वायू कोंडतो, दाब वाढतो आणि मग खडकाचाच चुरा होऊन राखेचा स्तंभ आकाशात जातो.

माणसं मारण्यात लाव्हाचा वाटा त्या मानाने लहान असतो. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर माँ पेलेमधून निघालेल्या तप्त राख-वायूच्या लोटाने सेंट पिएर शहरातली सुमारे २८,००० माणसं काही मिनिटांत संपवली. कोलंबियात १९८५ साली नेवादो देल रुइझचा उद्रेक आकाराने किरकोळ होता. पण माथ्यावरचं बर्फ वितळून चिखलाचे लोंढे सुटले आणि आर्मेरो गाव गाडलं गेलं, २३,००० बळी. क्राकाटोआच्या १८८३च्या उद्रेकातले ३६,०००हून अधिक मृत्यू बहुतांशी त्सुनामीचे. हे ऐकल्यावर बैठकीतलं वातावरण जरा तंग झालं, म्हणून मी पुन्हा भेगेकडे वळले.

भेगी उद्रेकाचं सगळ्यात चांगलं नोंदलेलं उदाहरण आइसलँडचं लाकी. जून १७८३ मध्ये तिथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि तिच्यावर १३०च्या आसपास मुखं तयार झाली. आठ महिने लाव्हा वाहत होता, एकूण १४-१५ घन किलोमीटर. लाव्हाने फार माणसं मारली नाहीत. सल्फर डायऑक्साइड आणि फ्लोरिनने कुरणं विषारी झाली, जनावरं मेली, दुष्काळ पडला आणि आइसलँडची निदान पाचव्या हिश्श्याएवढी माणसं गेली. डिसेंबर २०२३ पासून ग्रिंडाविकजवळ उघडणाऱ्या भेगांचे व्हिडिओ बैठकीतल्या बऱ्याच जणांनी पाहिले होते. ‘हां, ती आगीची भिंत!’ एक कॉलेजचा मुलगा म्हणाला. तीच.

दख्खनला लाकीची मापं पुरत नाहीत. आज उरलेला बसाल्टच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे, आणि सह्याद्रीत या प्रवाहांची एकावर एक रचलेली जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. राजमहेंद्रीजवळ, थेट पूर्व किनाऱ्यालगत, असलेला बसाल्टही नदीखोऱ्यांतून वाहत गेलेला दख्खनचाच लाव्हा आहे, असं बऱ्याच भूवैज्ञानिकांचं मत आहे. एवढं अंतर लाव्हा न गोठता कसा गेला? त्याच्यावर साय धरते. वरचं कवच थंड होऊन घट्ट झालं की आतला लाव्हा उबेत राहतो, कवचाला आतून फुगवत पुढे सरकतो. आमच्या खड्ड्यातल्या प्रवाहाचे तीन भाग, भोकाळ माथा, घट्ट पोट आणि नळ्यांचा तळ, याच फुगण्याची खूण आहेत. आणि मांजऱ्यातली ती असंख्य भोकं म्हणजे वायू धडाका न करता निसटल्याचा पुरावा.

तर आजींच्या प्रश्नाचं उत्तर: तोंड एक नव्हतं, आणि ते पर्वतीवरही नव्हतं. वेताळ टेकडी, पर्वती, सिंहगड हे सगळे कापून उरलेले थर आहेत. भोवतालचं नद्यांनी नेलं, हे राहिलं; म्हणून तर त्यांचे उतार पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, घट्ट थराचा कडा आणि मऊ थराचा टप्पा. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगा शेवटच्या शिलारसाने भरून गोठल्या. त्यांना डाइक म्हणतात. थरांना छेदत उभ्या गेलेल्या दगडी भिंतीच त्या. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात, कोकण किनाऱ्याला आणि नाशिक-पुणे भागात त्या भरपूर आहेत. लोणारबद्दल सांगायचं तर एकेकाळी जाणकारही त्याला ज्वालामुखी समजत. आघाताच्या धक्क्यानेच तयार होणारी मास्केलिनाइट ही काच तिथल्या खडकात सापडली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर उल्काघाताचं ठरलं.

पुन्हा पेटेल का?

खरी भीती इथे होती. आणि याचं उत्तर खड्ड्यातला खडक पाहून देता येत नाही. खडक जुना आहे म्हणून धोका नाही, हा युक्तिवाद लंगडा आहे. जुन्या खडकातूनही नवा शिलारस वर येऊ शकतो. खाली शिलारस तयार होण्याचं कारण आहे का, ते पाहावं लागतं.

अशी कारणं पृथ्वीवर मोजक्या ठिकाणी आहेत. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे खालचा तप्त खडक वर येतो आणि दाब उतरल्यामुळे वितळतो: आइसलँड, पूर्व आफ्रिकेची खचदरी, आणि तिच्या उत्तर टोकाला, अफारमध्ये, हायली गुब्बी. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथे त्याच्याबरोबर गेलेलं पाणी वरच्या खडकाचा वितळणबिंदू खाली आणतं: जपान, इंडोनेशिया, अँडीज. भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी, अंदमानातलं बॅरन बेट, याच गटातलं. पुण्यापासून सव्वादोन हजार किलोमीटर दूर. तिसरं कारण तप्तस्थळ, भूपट्टाच्या मध्येच खालून चढणारा उष्ण खडकाचा स्तंभ. दख्खनचा लाव्हा अशा तप्तस्थळाचा, हे आज सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण. पण भारत तिथे थांबला नाही. तो उत्तरेला सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप-मालदीवचा कणा, मग चागोस, मग मॉरिशस अशी रांग पडत गेली. आज ते तप्तस्थळ रियुनियन बेटाखाली आहे, पुण्यापासून साडेचार हजार किलोमीटरहून दूर, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ जगातल्या सर्वांत चपळ ज्वालामुखींपैकी आहे.

पुण्याखाली यातलं एकही कारण शिल्लक नाही. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला तिथे खोल छिद्रं घेतली, तेव्हा साधारण किलोमीटरभर बसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी खडक लागला. किल्लारीला बसाल्ट ३३८ मीटरवर संपला. दोन्हीकडचे भूकंप ज्वालामुखीचे नव्हते. ‘आणि वज्रेश्वरीचं गरम पाणी?’ असा प्रश्न आला. तिथे पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं. त्याला शिलारस लागत नाही.

हायली गुब्बीची राख भारतावर आली म्हणून इथल्या जमिनीत काही हललं, हे जोडणं तर निव्वळ फॉरवर्डचं काम. ती राख काही किलोमीटर उंचावर, विमानांच्या वाटेवर होती. विमानांना ती नको असते, कारण इंजिनात काचेसारखे कण वितळून चिकटतात.

वाफ आणि हादरे दोन वाक्यांत मिटले असते, पण लोकांना मोजून दाखवलेलं पटतं. सकाळी सातला सगळ्यांसमोर थर्मामीटर लावला: खड्ड्यात झिरपणारं पाणी २५ अंश, हवा १२ अंश. थंड हवेत कोमट पाण्याची वाफ दिसतेच. दुपारी ती कोणालाही दिसली नव्हती. हादऱ्यांच्या वेळा सोसायटीच्या वॉचमनने वहीत लिहिल्या होत्या, त्या ब्रेकरच्या वेळांशी जुळल्या; रविवार कोरा. खऱ्या ज्वालामुखीच्या खाणाखुणा निराळ्या असतात. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबोला जमिनीखाली भूकंपांची मालिका सुरू झाली, बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड मे महिन्याच्या दोनेक आठवड्यांत दहापट झाला, आणि त्या जोरावर जूनच्या महाउद्रेकाआधी हजारो लोकांना हलवता आलं.

जे कोणी विचारलं नव्हतं

बैठक संपली, लोक हसत घरी गेले. माझं काम मात्र तिथून सुरू झालं, कारण तो लाल पट्टा खरंच धोक्याचा होता, पण वेगळ्याच कारणाने.

खड्ड्यात पाणी कुठून येत होतं ते पाहिलं तर नेमकं लाल थराच्या माथ्यावरून. वरचा काळा पाषाण उभ्या सांध्यांनी चिरलेला, त्यातून पाणी खाली उतरतं. लाल थर चिकणमातीचा, तो पाणी पुढे जाऊ देत नाही. मग ते आडवं वाहून भिंतीतून बाहेर पडतं. ज्या पाण्याच्या वाफेने गाजावाजा केला तेच पाणी तो थर भिजवत होतं. उघडा पडून चार-पाच दिवसांत त्याचे पापुद्रे सुटायला लागले होते, एका कोपऱ्यात तो हातभर आत खाल्ला गेला होता. आणि त्याच्या डोक्यावर चार मीटर उंचीचे, सांध्यांनी सुटे झालेले पाषाणाचे ठोकळे उभे होते. त्या कोपऱ्यापासून शेजारच्या सोसायटीची कंपाउंड वॉल तीन मीटरवर. उद्रेकाच्या भीतीने व्हिडिओ काढणाऱ्या गृहस्थांची गाडी रोज तिथेच लागायची.

दुसरी गोष्ट पायाची. नकाशात राफ्टचा, म्हणजे इमारतीखालच्या सलग काँक्रीट पायाचा, तळ साधारण साडेसहा मीटरवर धरला होता, म्हणजे अर्धा काळ्या पाषाणाच्या शेवटच्या कपच्यांवर आणि अर्धा लाल मातीवर. आधीच्या माती-परीक्षणात बोअर घेतले होते, पण प्लॉटच्या एकाच बाजूला, आणि अहवालात हा थर ‘मऊ मुरूम’ म्हणून नोंदला होता. मुरूम आणि हा लाल थर एक नव्हेत. मुरूम दाबला की बसतो, हा भिजला की सरकतो.

मी लेखी दिलं ते असं: कोपऱ्यातले सुटे ठोकळे आधी उतरवा, ब्रेकरने नाही, हाताने आणि पाचरीने. उरलेल्या भिंतीला रॉक बोल्ट (खडकात रोवायचे लोखंडी गज) आणि जाळी. लाल पट्टा जिथे नव्याने उघडा पडेल तिथे त्याच दिवशी शॉटक्रीट (फवाऱ्याने मारायचं काँक्रीट), पाणी बाहेर यायला पाइप सोडून. भोकं बुजवली तर मागे दाब साठून सगळं अस्तर सुटेल. खड्ड्याच्या कडेने चर, कोपऱ्यात संप (पाणी गोळा करायचा खड्डा), पंप चोवीस तास. गाड्या हलवा. आणि राफ्ट लाल थराच्या खाली, मांजऱ्यात मुरवा.

शेवटच्या मुद्द्यावर साइट इंजिनिअर अडला. ‘मॅडम, भोकांच्या दगडावर अकरा मजले?’ पुण्यात मांजऱ्याला उगीच कमी लेखतात. तो काळ्या पाषाणाइतका कणखर नसतो, पण त्यात सांधे फारसे नसतात, गारगोट्यांनी भोकं भरलेली असतात, पाणी कमी सोडतो. तळघराच्या पायाला चिरलेल्या काळ्या पाषाणापेक्षा ताजा, सलग मांजऱ्या बरा. मात्र तो उघडा ठेवायचा नाही, तळ साफ झाला की लगेच काँक्रीटचा थर टाकायचा. तीन नव्या बोअरचे नमुने प्रयोगशाळेत दाबून पाहिले, ताकद पुरेशी निघाली, आणि इंजिनिअरने सही केली.

काम डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. कोपऱ्यातले ठोकळे उतरवताना त्यातला एक पाचर लागायच्या आधीच घसरून खाली आला. खाली कोणी नव्हतं. भिंत जरा हलली तरी कळावं म्हणून कंपाउंड वॉलवर काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या आहेत, अजून एकही तडकलेली नाही.

वाढलेल्या खोदाईचे, शॉटक्रीटचे आणि बोल्टचे पैसे कोणी द्यायचे यावर बिल्डर आणि सोसायटी यांचं अद्याप जमलेलं नाही. करारात ‘खडक लागेपर्यंत खोदाई बिल्डरकडे’ असं लिहिलं आहे. बिल्डर म्हणतो खडक अडीच मीटरवरच लागला, पुढचं जादा. सोसायटीचे वकील म्हणतात पाया ज्यावर बसतो तोच खडक. दोघांनी माझा अहवाल आपापल्या पत्राला जोडला आहे.